पिशवीत काय हाय

आठवडाभर मी उद्यमनगरात भोकं मोजते.
पंपाच्या बॉडीचं भोक, फ्लँजचं भोक.
व्हर्नियरच्या जबड्यात धरायचं, आकडा वाचायचा,
केसभर जास्त भरलं की
लाल खडूची फुली.

रविवारी नूरचाचा येतात, एम-एटी घेऊन.
पस्तीस वर्षं लेथवर,
डाव्या हाताला साडेतीन बोटं.
मी मागं बसते, मांडीवर सिमेंटच्या पोत्याची पिशवी,
आणि आम्ही दगड हुडकायला जातो.
कशाला, असं घरचे आता विचारत नाहीत.
रंकाळा तरी काय आहे?
दगड काढून नेलेलं भोक,
त्यात पाणी साठलं आणि भेळेच्या गाड्या आल्या.

दाजीपूरच्या अलीकडं धरणाचं पाणी मे महिन्यात मागं सरतं.
मग किनारा उघडा पडतो, मैलभर,
चिखलाला भेगा, बुडालेल्या झाडांची खुंटं,
गव्याच्या खुरांचे खड्डे, आणि मधे दगडच दगड.
वारा फोंड्याच्या बाजूनं येतो.
घाट उतरला की समुद्र, चाचा म्हणतात,
आपल्या वाटणीला एवढाच आलाय.

दगड कोरडा असला की मुका असतो.
तो ओला करायचा, म्हणजे चाटायचा,
मग आतलं दिसतं.
पण चाचांचा रोजा होता,
म्हणून चाटायचं काम माझ्याकडं.
ते वाकून उचलायचे, अंगठ्यानं माती पुसायचे, माझ्याकडं द्यायचे,
मी जीभ लावून परत द्यायची.
"गारगोटी," ते म्हणायचे. "टाक."
"गारगोटी. बरी हाय, ठेव."
चार तास.
माझ्या तोंडात धरणाचा तळ.

मग तो एक सापडला, चिकूएवढा.
जीभ लावली आणि
कांद्याच्या पापुद्र्यासारखे पट्टे उमटले,
तांबडा, दुधी, परत तांबडा,
मधोमध एक बारीक पोकळी, तिच्यात साखर सांडल्यासारखं काहीतरी.
चाचा म्हणाले, अकीक.
मग बराच वेळ काहीच म्हणाले नाहीत.
मी सवयीनं पोकळी मोजायला गेले, नखानं.

नाक्यावर गार्डनं गाडी अडवली.
"पिशवीत काय हाय?"
"दगडं."
"दगडं व्हय?" त्यानं पिशवी उचलून बघितली.
"ताई, आतलं पानबी भाईर न्यायचं न्हाई.
वता हितंच."
चाचांनी त्याच्या खिशावरची पाटी वाचली,
धोंडीराम बुगडे,
आणि इतक्या तहानेतही हसले.
"आईनं नाव ठेवलंय," गार्ड म्हणाला, "मी काय करू?"

त्याच्या खोलीच्या खिडकीत ओळीनं दगड होते,
शाळेच्या सहलींचे, पुण्याच्या गाड्यांचे,
एका नवऱ्यानं बायकोच्या पर्समधनं काढून दिलेला.
जप्त केलेले. सगळे धुळीनं एकाच रंगाचे.
"फेकवत न्हाईत," तो म्हणाला.
"आनि परत किनाऱ्याला न्यायचं म्हंजे दोन मैल."

शिरोली नाक्याच्या बेकरीनं छापलेलं
रोज्याच्या वेळांचं कार्ड चाचांच्या खिशात होतं.
सात वाजून एक मिनिट.
आम्ही बाकावर बसलो. ऊन खुंटांवरनं सरकत गेलं.
धोंडीरामनं माठातनं तांब्या भरून आणला,
आणि काय मनात आलं कोणास ठाऊक,
आधी खिडकीतल्या दगडांवर हात हलवून शिंपडलं.
हिरवे झाले. शेंदरी झाले. एक तर चक्क जांभळा.
"बघा की," तो म्हणाला, जणू त्यानंच केलेत.

उरलेला तांब्या चाचांच्या पुढं धरला.
चाचांनी घड्याळ बघितलं, एक खजूर तोडला,
अर्धा त्याला दिला, मग पाणी प्यायले,
मान वर करून, थांबत थांबत.

नंतर पिशवीतनं तो चिकूएवढा काढला,
साडेतीन बोटांत धरला,
आणि दिवसभरात पहिल्यांदा
स्वतःच्या जिभेनं ओला केला.
बघितला.
खिडकीत ठेवताना जरा तिरका ठेवला,
पट्टे रस्त्याकडं येतील असा.

परतीला पिशवी वाऱ्यानं फुगत होती.
राधानगरीपर्यंत मी ती दाबून धरली होती.